सब्र आणि दाद

आमच्या खालाची औषधं बिस्किटांच्या एका जुन्या पत्र्याच्या डब्यात असतात. तिच्या मोठ्या मुलाने कुवेतहून आणलेला डबा. बिस्किटं कधीच संपली, डबा राहिला. त्यात शुगरच्या गोळ्या, प्रेशरच्या गोळ्या, गुडघ्याला लावायचं मलम आणि तळाशी रबराने बांधलेल्या डॉक्टरांच्या चिठ्ठ्या. या डब्यातल्या दोन पट्ट्यांविषयी मला लिहायचं आहे.

दोन पट्ट्यांचे रंग वेगळे, नावं वेगळी, कंपन्या वेगळ्या. एक गोळी आमच्या तालुक्याच्या डॉक्टरांनी लिहून दिलेली. दुसरी खाला मुंब्र्याला लेकीकडे गेली असताना तिथल्या डॉक्टरांनी दिलेली. खाला दोन्ही घेत होती. "दोघंही चांगले डॉक्टर, कुणाची टाळू?" असा तिचा सरळ हिशेब. पट्टीच्या मागे बारीक अक्षरांत औषधाचं मूळ नाव छापलेलं असतं. दोन्ही पट्ट्यांवर एकच नाव होतं, ग्लिमेपिराइड. एकीत ते एकटं होतं, दुसरीत मेटफॉर्मिनच्या सोबतीने. हे मी वाचलं तेव्हा खाला हॉस्पिटलात होती.

ग्लिमेपिराइड हे वाईट औषध नाही. ते स्वादुपिंडाला इन्शुलिन सोडायला लावतं आणि रक्तातली साखर उतरवतं. पण पोटात अन्न असो वा नसो, ते आपलं काम करत राहतं. डोस जास्त झाला, जेवण चुकलं, मूत्रपिंडं थकलेली असली, तर साखर नको तितकी उतरते. अडुसष्ट वर्षांच्या खालाच्या बाबतीत तिन्ही गोष्टी एकत्र आल्या. डोस दुप्पट, मूत्रपिंडं थकलेली आणि महिना रमजानचा. सकाळची गोळी तिने आपल्या मनाने सहेरीला घ्यायला सुरुवात केली होती.

सतराव्या रोजाला असरच्या सुमारास तिला दरदरून घाम सुटला. हात थरथरू लागले, बोलणं अडखळलं. सुनेने साखरेचं पाणी आणलं तर खालाने तोंड फिरवलं. "आता थोडाच वेळ राहिलाय" म्हणाली. कुणी तिला जबरदस्ती केली नाही. रोजा तोडायला लावण्याचं पाप कोण डोक्यावर घेणार? ती वजूला न्हाणीघरात गेली आणि पडली. खुब्याचं हाड मोडलं. तालुक्याच्या दवाखान्यात रक्त तपासलं, तर साखर बत्तीस. पुढे पनवेल, ऑपरेशन, दीड महिना पलंग. आज ती वॉकर धरून चालते, नमाज खुर्चीवर बसून पढते, आणि नातवंडांची नावं एकमेकांना लावते. पूर्वी असं होत नव्हतं.

घरात दोन मतं पडली. धाकटा मुलगा आखातातून फोनवर ओरडत होता, "दोन्ही डॉक्टरांवर केस टाका, पैसा मी पाठवतो." खाला पलंगावरून म्हणत होती, "माझ्या नशिबात होतं. डॉक्टरने काय मुद्दाम केलं? अल्लाच्या मर्जीवर केस टाकायची काय?" दोघांनी माझ्याकडे पाहिलं. घरात बी.एड. झालेली मी एकटी. शाळेत मुलांना उर्दूतून नागरिकशास्त्र शिकवते, तेव्हा मला कायदा माहीत असणार अशी त्यांची समजूत. मला तो माहीत नव्हता. तो मी नंतर, दीड-दोन वर्षांत, तुकड्यातुकड्यांनी वाचला. पण कायद्याच्या आधी खालाचा प्रश्न आहे, आणि तो मला कायद्याहून कठीण वाटतो. दाद मागणं म्हणजे सब्र सोडणं काय?

उत्तर शोधण्याआधी एक गोंधळ दूर करायला हवा. औषधाने त्रास झाला की आपण एक तर "साइड इफेक्ट" म्हणतो, नाही तर "डॉक्टरने वाट लावली" म्हणतो. प्रत्यक्षात यात निदान चार वेगवेगळ्या गोष्टी आहेत आणि प्रत्येकीचा न्याय वेगळा.

पहिली गोष्ट म्हणजे औषधाचा निखळ दुष्परिणाम. औषध योग्य, डोस योग्य, सूचना दिलेली, तरीही एखाद्याच्या शरीराने ते मानलं नाही. इथे गुन्हेगार कुणी नसतो. मेटफॉर्मिनने पोट बिघडतं, म्हणून कुणाला कोर्टात खेचता येत नाही आणि खेचूही नये. इथे खालाचा सब्र हेच पूर्ण उत्तर आहे.

दुसरी गोष्ट म्हणजे औषधच खराब असणं. महाराष्ट्राने ते १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात पाहिलं. औषध म्हणून दिलेल्या ग्लिसरीनमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल हे विष मिसळलेलं निघालं आणि चौदा रुग्ण गेले. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने चौकशी केली, तेव्हा खरेदी, तपासणी, औषध प्रशासन आणि राजकारण अशी सगळी साखळी उघडी पडली. त्या चौदा जणांच्या नातेवाइकांना कुणी "सब्र करा, नशिबात होतं" एवढंच सांगितलं असतं, तर तो सब्राचा उपदेश नव्हे, गुन्ह्यावर पांघरूण ठरलं असतं.

तिसरी गोष्ट म्हणजे जाणणाऱ्याने न सांगणं, किंवा फार उशिरा सांगणं. मधुमेहाच्या औषधांचा इतिहास याने भरलेला आहे. फेनफॉर्मिन नावाची गोळी होती. तिने काही रुग्णांच्या रक्तात आम्ल साठून मृत्यू होतात हे कळल्यावर अमेरिकेने १९७७-७८ च्या सुमारास ती बाजारातून काढली. भारतात तिच्यावर बंदी आली २००३ मध्ये. मधली पंचवीस वर्षं ती कुणाकुणाच्या डब्यात होती, याचा हिशेब कुणी ठेवला? रोझिग्लिटाझोनमुळे हृदयाला धोका वाढतो अशी शंका २००७ मध्ये मोठ्याने मांडली गेली. २०१० मध्ये युरोपने ती थांबवली आणि त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात भारतानेही बंदी घातली. पुढे २०१३ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने पुराव्यांची फेरतपासणी करून तिथले निर्बंध सैल केले. विज्ञान असं पुढे-मागे सरकतं, म्हणून निकाल देताना घाई नको.

पिओग्लिटाझोनची गोष्ट तर आणखी विचार करायला लावणारी आहे. मूत्राशयाच्या कर्करोगाच्या शंकेवरून भारत सरकारने जून २०१३ मध्ये या गोळीची विक्री थांबवली. डॉक्टरांनी तक्रार केली की ही स्वस्त आणि उपयोगी गोळी आहे, गरिबांनी काय करायचं? सुमारे सहा आठवड्यांत, जुलैच्या अखेरीस, बंदी उठली. अट एवढीच की माहितीपत्रकात ठळक इशारा छापावा. त्याच औषधाच्या खटल्यांत मूळ जपानी कंपनीने अमेरिकेत २०१५ मध्ये हजारो दावेदारांशी सुमारे २४० कोटी डॉलरची तडजोड केली. म्हणजे एकाच गोळीवरून तिथे वाद झाला तो, ज्यांना सांगितलं नाही त्यांचं काय, याचा. आणि इथे गाजला तो, गोळी विकायची की नाही, याचा. (ही गोळी आजही डॉक्टर विचारपूर्वक देतात. हा लेख वाचून कुणी आपली औषधं बंद करू नयेत. ते नुकसान दुष्परिणामाहून मोठं असेल.)

चौथी गोष्ट म्हणजे इलाज करणाऱ्याची हयगय. चुकीचा डोस, आधीची औषधं न विचारणं, मूत्रपिंडाची तपासणी न करता गोळी वाढवणं, रमजान तोंडावर आला असताना मुसलमान रुग्णाला एका शब्दाने "रोजे ठेवता का?" असं न विचारणं. शेवटचा मुद्दा छोटा वाटेल, पण तो छोटा नाही. २००१ मध्ये तेरा देशांतल्या बारा हजारांहून अधिक मधुमेही मुसलमानांचा अभ्यास झाला. त्यात टाइप दोनच्या रुग्णांत साखर धोकादायक उतरण्याचं प्रमाण रमजानमध्ये इतर महिन्यांच्या सुमारे साडेसातपट आढळलं. म्हणजे धोका माहीत होता. शाबानमध्येच औषधांच्या वेळा आणि मात्रा बदलून घ्याव्यात, हा सल्लाही अनेक वर्षं छापला जातो आहे. तो आमच्या वाडीपर्यंत पोचला नव्हता.

आता कायद्याकडे. कोकणच्या किनाऱ्यावरचाच एक खटला आहे. मे १९५३ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातल्या पालशेतच्या समुद्रकिनाऱ्यावर वीस वर्षांचा एक मुलगा पडला आणि त्याच्या मांडीचं हाड मोडलं. त्याला मोटारीने पुण्याला नेलं. तिथे भूल न देता जोर लावून हाड बसवण्यात आलं आणि त्या धक्क्याने तो गेला, असं न्यायालयांना आढळलं. बापाने दावा लावला. १९६८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कायम केला. भरपाई होती तीन हजार रुपये. पंधरा वर्षं आणि तीन हजार! पण त्या निकालाने डॉक्टरांची कर्तव्यं सांगून ठेवली. रुग्ण हाती घ्यायचा की नाही हे ठरवताना, कोणता इलाज करायचा हे ठरवताना आणि तो इलाज करताना, या तिन्ही ठिकाणी काळजी घेणं डॉक्टरवर बंधनकारक आहे. जोशी विरुद्ध गोडबोले हा खटला आजही देशभर दाखला म्हणून वापरला जातो.

दुसरा खटला अनुराधा साहांचा. त्वचेच्या भयंकर विकारात स्टेरॉइडचा मोठा डोस आणि चुकीचे उपचार यांनंतर १९९८ मध्ये त्या मुंबईत वारल्या. पतीने कोलकात्याच्या रुग्णालयाविरुद्ध पंधरा वर्षं लढून २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाकडून सुमारे सहा कोटी रुपये आणि वर व्याज, अशी भरपाई मिळवली.

हे दोन निकाल शेजारी ठेवले तेव्हा माझ्या लक्षात एक गोष्ट आली. पालशेतच्या मुलाचा बाप स्वतः डॉक्टर होता. अनुराधा साहांचे पतीही डॉक्टर. ज्याला केसपेपर वाचता येतो, तोच लढू शकला. मी शिक्षिका आहे, म्हणून हे मला जास्त टोचलं. आपल्याकडे न्यायाच्या दारात पहिली अडचण पैशाची नसते, वाचता येण्याची असते.

तरीही दार पूर्वीपेक्षा उघडं आहे. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली आणली. काहींकडून पैसे घेणाऱ्या रुग्णालयात जो फुकट उपचार घेतो, त्यालाही तो हक्क दिला. सगळ्यांनाच मोफत सेवा देणारा सरकारी दवाखाना मात्र या कायद्यात येत नाही. तिथे दिवाणी दाव्याचा मार्ग राहतो. २०१९ चा नवा ग्राहक संरक्षण कायदा जुलै २०२० पासून लागू झाला. त्यात आरोग्यसेवेचा शब्द नाही म्हणून डॉक्टर सुटले, अशी हाकाटी झाली होती. मुंबई उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये ती फेटाळली आणि २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तोच निर्णय राखला.

आपल्या जिल्ह्याचा ग्राहक आयोग अलिबागला आहे. आपण जिथे राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, डॉक्टर मुंब्र्याचा असला तरी. मोजलेली किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही. वकील लावलाच पाहिजे असंही नाही. स्त्रियांना, त्यांचं उत्पन्न कितीही असो, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळू शकतो. कारण घडल्यापासून दोन वर्षांत तक्रार करावी लागते. उशिराचं सबळ कारण दिलं तर आयोग तो माफ करू शकतो. रुग्णाने मागितल्यावर ७२ तासांत कागदपत्रं देणं डॉक्टरवर बंधनकारक आहे. तेव्हा पट्टी, बिल, चिठ्ठी, डिस्चार्ज कार्ड यांतलं काही फेकू नये. डॉक्टरच्या वर्तनाबद्दल महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे तक्रार करता येते, पण तिथे भरपाई मिळत नाही. गोळीच बनावट किंवा खराब वाटली तर अन्न व औषध प्रशासनाकडे जावं. फौजदारी गुन्ह्याची पायरी मात्र उंच आहे. २००५ च्या जेकब मॅथ्यू निकालाने सांगितलं की साधी चूक पुरत नाही, घोर निष्काळजीपणा लागतो, आणि आधी दुसऱ्या डॉक्टरचं निःपक्ष मत घ्यावं लागतं. मला हे योग्य वाटतं. चुकीला तुरुंग ठेवला तर अवघड रुग्णाला हात कोण लावणार?

२०१९ च्या कायद्याने आणखी एक दार केलं, उत्पादकाच्या जबाबदारीचं. वस्तूत दोष असेल किंवा धोका टाळण्यासाठी पुरेशी सूचना दिली नसेल, तर उत्पादक भरपाईला बांधला जातो. हे वाचून मला वाटलं, सापडलं. मग पुढचं कलम वाचलं. जी वस्तू तज्ज्ञाच्या देखरेखीखालीच वापरायची आहे, तिच्याबाबत उत्पादकाने तज्ज्ञाला वाजवी मार्गाने इशारा पोचवला असेल, तर सूचना न दिल्याचा दोष उत्पादकावर येत नाही. आपली शुगरची गोळी नेमकी अशीच वस्तू. कंपनीने डॉक्टरला सांगितलं की कंपनी मोकळी. डॉक्टरच्या दारात पन्नास माणसं बसलेली, त्याला पेशंटला सांगायला दोन मिनिटं नाहीत. मेडिकलवाला दहाची पट्टी कापून देतो, माहितीपत्रक खोक्यात राहतं. तेच जुनं कागदाचं चिटोरं दाखवून आम्ही वर्षभर गोळ्या नेतो.

शाळेत असं झालं तर? परीक्षेची तारीख खात्याने मुख्याध्यापकांना कळवली, मुख्याध्यापकांनी मला कळवली, आणि मी मुलांना सांगितलीच नाही. मुलं नापास झाली. खातं म्हणेल, आम्ही कळवलं होतं. कागदावर ते खरं असेल. पण सांगणं पूर्ण कधी होतं? ज्याचं नुकसान होणार आहे, त्याच्या कानापर्यंत पोचल्यावर. त्याआधी थांबलेली प्रत्येक सूचना ही सांगणाऱ्याने स्वतःच्या बचावासाठी केलेली नोंद असते. कायद्याला कुठेतरी रेघ मारावी लागते, हे मला कळतं. पण ती रेघ म्हणजे नीतीची रेघ नव्हे.

आणि ही साखळी माझ्यापाशी येऊन थांबते, हेही लिहायला हवं. खालाच्या गोळ्या मेडिकलमधून मीच आणत होते. दोन्ही. चार महिने. प्रश्नपत्रिका नीट न वाचता उत्तर लिहिणाऱ्या मुलांचे गुण कापणारी मी, पट्टीच्या मागची दोन ओळींची अक्षरं मी वाचली नाहीत. तालुक्याच्या डॉक्टरांनी "दुसरं काही चालू आहे का?" असं विचारलं नाही, पण मीही सांगितलं नाही. त्या दुपारी सुनेच्या हातात साखरेचं पाणी होतं, आणि आजाऱ्याला रोज्याची सवलत कुराणातच आहे हे आम्हा सगळ्यांना पाठ होतं. तरी आम्ही गप्प राहिलो. मग मी कुणावर बोट ठेवू?

पुष्कळ दिवस या विचाराने मी अडकले होते. मग लक्षात आलं की दोष वाटून घेतला म्हणून तो नाहीसा होत नाही. माझा वाटा माझ्याकडे, डॉक्टरांचा त्यांच्याकडे. माझ्या चुकीने त्यांची चूक माफ होत नाही, जशी त्यांच्या चुकीने माझी होत नाही.

खालाच्या प्रश्नाकडे येते. आपल्या परंपरेत सब्र आहे, तसा जमान, म्हणजे नुकसानीची जबाबदारी, हाही शब्द आहे. वैद्यकी न येता इलाज करणारा नुकसानीला जबाबदार राहील, अशा अर्थाची रिवायत अबू दाऊद यांच्या संग्रहात आहे. चौदाव्या शतकात इब्न कय्यिम यांनी 'जादुल मआद' या ग्रंथात इलाज करणाऱ्यांचे प्रकार पाडून कोण भरपाई देईल आणि कोण देणार नाही याचा विचार केला. जाणकार वैद्याने परवानगीने, काळजीपूर्वक इलाज केला आणि तरी नुकसान झालं, तर त्याच्यावर भार नाही. अनाडी असेल किंवा हात चुकला असेल, तर आहे. बगदादमध्ये इसवी सन ९३१ मध्ये एका वैद्याच्या चुकीने रुग्ण दगावला, तेव्हा खलिफा मुक्तदिरने शहरातल्या वैद्यांची परीक्षा घ्यायला लावली. सिनान बिन साबित या हकिमाकडे ते काम होतं आणि आठशेहून अधिक वैद्यांना परवाने द्यावे लागले, असं इतिहासकार सांगतात. त्या मेलेल्या माणसाच्या घरच्यांनीही सब्र केला असेल. पण राज्याने त्या सब्राला आपली सुटका मानलं नाही.

म्हणून मला असं वाटतं की सब्र हा माझ्या दुःखाशी माझं नातं ठरवतो. दुसऱ्याच्या जबाबदारीचा निकाल तो लावत नाही. मोडलेल्या खुब्यावर खाला सब्र करू शकते आणि तिने तो केला आहे, मी रोज पाहते. डॉक्टरांना माफ करण्याचाही तिला हक्क आहे. पण तो हक्क तिच्यापुरता. त्याच डॉक्टरांकडे पुढच्या रमजानआधी जाणारी दुसरी कुणी खाला असेल, तिच्या वतीने आपण माफ करू शकत नाही. बंद्यांचे हक्क बंद्यांनीच माफ करायचे असतात, हे आपण लहानपणापासून ऐकतो. मग जी अजून आजारी पडलेली नाही, तिच्या हक्काचं काय? तिच्यासाठी निदान एवढं करायला हवं, की घडलेलं दडपू नये.

याची दुसरी बाजूही खरी आहे. आमच्या तालुक्यातले ते डॉक्टर पावसाळ्यात खाडीपलीकडे रात्री दोन वाजता जातात. कितीदा त्यांनी पैसे घेतलेले नाहीत. उद्या त्यांनी कंटाळून पनवेल गाठलं, तर इथे कोण राहील? दाव्याच्या भीतीने डॉक्टर दहा तपासण्या लिहितात, अवघड रुग्ण पुढे ढकलतात, आणि त्याचाही खर्च गरिबावरच येतो. ज्यांच्याकडे निवड आहे ते शहरातले लोक दावा लावून दुसऱ्या डॉक्टरकडे जातात. ज्यांच्याकडे एकच डॉक्टर आहे, त्यांची दाद नात्यात अडकलेली असते.

म्हणून मी ठरवलं की पहिली पायरी सांगण्याची. भरपाई नंतर. दोन्ही डॉक्टरांना मी पत्र लिहिलं. आरोप नाही, फक्त तारखा, दोन्ही गोळ्यांची मूळ नावं आणि बत्तीसचा आकडा. मुंब्र्याहून उत्तर नाही आलं. तालुक्याचे डॉक्टर स्वतः घरी आले, खालाजवळ बसले आणि म्हणाले, "मी विचारायला हवं होतं." आता त्यांच्या दवाखान्यात एक पाटी आहे, चालू असलेली सगळी औषधं सोबत आणावीत म्हणून. त्या पाटीला किती किंमत लावायची, मला सांगता येत नाही. कोर्टाच्या निकालाने ती लागली असती की नाही, तेही नाही.

मग मी औषधाच्या दुष्परिणामाचा फॉर्म भरला. देशात २०१० पासून औषधांच्या त्रासाची नोंद ठेवणारी सरकारी योजना चालू आहे. गाझियाबादच्या भारतीय औषधसंहिता आयोगाकडे तिचं मुख्य केंद्र आहे. रुग्ण किंवा नातेवाईकही तिथे कळवू शकतात; १८००-१८०-३०२४ हा फोन मोफत आहे. एका खालाच्या फॉर्मने काही बदलत नाही. पण गोळ्यांवर इशारे छापले जातात ते अशाच नोंदी साठत जाऊन. सब्र करून गप्प राहिलेल्यांची नोंद कुठल्याच आकड्यात नसते. आपल्या देशात दहा कोटींहून अधिक मधुमेही आहेत, असा २०२३ मध्ये छापून आलेल्या मोठ्या सर्वेक्षणाचा अंदाज आहे. त्यांतल्या किती जणांचा त्रास कुठेतरी लिहिला गेला असेल?

फॉर्म पाठवण्याआधी मी खालाला वाचून दाखवला. तिने विचारलं, "यात माझं नाव आहे काय?" मी म्हटलं, नाव नाही, आद्याक्षरं फक्त. "डॉक्टरला त्रास होईल?" म्हटलं, नाही, ही नोंद आहे, तक्रार नाही. थोडा वेळ थांबून म्हणाली, "मग लिही की मी गोळी सहेरीला घेत होते. ते राहू देऊ नको." आपली चूकही कागदावर आली पाहिजे, हा तिचा आग्रह. त्या दिवशी मला तिचा सब्र पहिल्यांदा नीट समजला असं वाटलं.

मुंब्र्याच्या डॉक्टरांविरुद्ध तक्रार करायची की नाही, हे अजून ठरलेलं नाही. कागद तयार आहेत, त्याच डब्यात तळाशी आहेत. आपल्या चंद्राच्या हिशेबाने त्या सतराव्या रोजाला दोन वर्षं रमजानमध्येच पूर्ण होतील. कायद्याचा हिशेब इसवी सनाचा, त्यामुळे मुदत ईदनंतर आठवडाभराने संपते. निर्णय खालाचा. मी तिला दोन्ही बाजू सांगितल्या आहेत. तिने नाही म्हटलं तर मी तो मान्य करीन, पण ते नाही तिने दार उघडं असल्याचं समजून म्हटलेलं असेल. दार कुठे आहे तेच माहीत नसताना धरलेल्या गप्पपणाला सब्र म्हणता येईल का, याची मला शंका आहे.

शाबान सुरू झाला की आठवीच्या मुलांना मी एक काम देणार आहे. घरातल्या वडीलधाऱ्यांच्या गोळ्यांची मागच्या बाजूची मूळ नावं वहीत उतरवून आणायची. एकाच घरात एकच नाव दोनदा आलं, तर घरच्यांनी ती वही घेऊन डॉक्टरकडे जायचं आणि विचारायचं. मी डॉक्टर नाही, मला उत्तर देता येणार नाही. पण वाचायला शिकवणं हे माझं काम आहे, आणि ते मी माझ्याच घरात केलं नव्हतं.